लिझ्यूची तेरेझा आणि लहानपणाचा मार्ग

नागपूर शहराच्या उत्तर अंगास जरीपटका नांवाची वस्ती आहे. हें नांव मराठ्यांच्या इतिहासांतलें. जरीच्या कामाचा तो भगवा पटका सेनेच्या अग्रभागीं फडकत असे, आणि तो जेथें असे तेथें सैन्याचा जीव असे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेलीं अनेक कुटुंबें याच वस्तींत येऊन स्थिरावलीं. घरदार आणि पेढ्या मागें टाकून आलेल्या त्या माणसांना बरोबर फारसें कांहीं आणतां आलें नाहीं; आपल्या दैवतावरील श्रद्धा मात्र आणतां आली. म्हणजे एका बाजूस पराक्रमाची खूण असलेलें नांव आणि दुसऱ्या बाजूस सर्वस्व गेल्यावरही न गेलेला विश्वास, असा हा योग आहे. या दोन गोष्टी आपण सहसा वेगळ्या मानतों. शौर्य हें मोठ्यांचें, भाबडेपण हें लहानांचें, असा आपला समज असतो. तो समज किती अपुरा आहे, हें पाहावयाचें असेल तर चोविसाव्या वर्षीं देवाघरीं गेलेल्या एका फ्रेंच जोगिणीचें चरित्र पाहावें. लिझ्यूची तेरेझा हें तिचें नांव.

तेरेझा मार्तँ हिचा जन्म फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांतील आलाँसाँ या गांवीं २ जानेवारी १८७३ रोजीं झाला. वडील लुई मार्तँ हे घड्याळजी. आई झेली ही तेथील प्रसिद्ध लेस विणण्याचा धंदा चालविणारी कर्ती बाई. त्यांना नऊ मुलें झालीं. त्यांपैकीं चार लहानपणींच गेलीं आणि पांच मुली उरल्या. तेरेझा हें शेंडेफळ. जन्मतः अशक्त असल्यामुळें तिला वर्षभर खेड्यांतील एका दाईच्या घरीं ठेवावें लागलें. ती साडेचार वर्षांची असतांना, २८ ऑगस्ट १८७७ रोजीं, आई कर्करोगानें वारली. उत्तरक्रिया आटोपल्यावर त्या चिमुरडीनें आपली थोरली बहीण पोलीन हिच्या कुशींत शिरून, यापुढें आई तीच, असें ठरवून टाकलें. नंतर कुटुंब लिझ्यू या गांवीं, मुलींच्या मामाच्या जवळ, राहावयास गेलें.

परंतु या दुसऱ्या आईचाही वियोग लौकरच घडला. १८८२ च्या ऑक्टोबरांत पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठांत प्रविष्ट झाली. कार्मेल मठाच्या भिंतींआड गेलेली मुलगी पुन्हां घरीं येत नाहीं. जाळीच्या आडून थोडा वेळ बोलणें, एवढीच काय ती भेट. नऊ वर्षांच्या तेरेझाच्या मनानें हा घाव इतका घेतला कीं, पुढील वर्षीं ती विलक्षण आजारी पडली. १३ मे १८८३ रोजीं तिच्या खाटेजवळच्या मरियामातेच्या मूर्तीच्या मुखावर तिला हास्य दिसलें आणि ती बरी झाली, असें तिनें स्वतः पुढें नमूद केलें आहे. दुखणें गेलें, मनाचें हळवेपण मात्र गेलें नाहीं. कोणी जरा बोललें कीं तिच्या डोळ्यांना पाणी येई, आणि मग आपण रडलों म्हणून ती पुन्हां रडे. लाडांत वाढलेली, आईवेगळी, अतिशय हळवी अशी ही मुलगी होती. अशा मुलीच्या देवभक्तीस कोणी भाबडेपणा म्हटलें असतें, तर त्यास दोष देतां आला नसता.

पालट झाला तो १८८६ च्या नाताळांत. त्या देशांत नाताळच्या रात्रीं लहान मुलांचे जोडे चुलीपाशीं ठेवतात व त्यांत खाऊ आणि खेळणीं घालतात. तेरेझा चौदा वर्षांची होत आली होती, तरी घरांत हा लाड चालूच होता. मध्यरात्रीची उपासना आटोपून सारीं घरीं परतलीं. वडील थकले होते. हें शेवटचेंच वर्ष, बरें झालें, असें कांहींसें ते त्रासून बोलून गेले. जिना चढत असलेल्या मुलीच्या कानीं तें पडलें. डोळे भरून आले. आतांच खालीं जाऊं नकोस, असें बहीण सेलीन हिनें तिला विनविलें; कारण पुढें काय होणार हें घरांत सर्वांना ठाऊक होतें. परंतु त्या दिवशीं तें झालें नाहीं. मुलीनें आंवढा गिळला, ती खालीं आली, आणि जोड्यांतली एकेक वस्तु वडिलांपुढें अशा आनंदानें काढूं लागली कीं वडीलही हंसूं लागले. घडलें तें एवढेंच. पण तेरेझानें ती रात्र आपल्या आयुष्यांतील नव्या जन्माची मानली. आपल्या दुःखापेक्षां दुसऱ्याचें सुख तिला प्रथमच मोठें वाटलें होतें. पोरकटपण त्या रात्रीं संपलें. बालभाव मात्र तेथूनच खरा सुरू झाला. हा भेद ध्यानांत ठेवला नाहीं, तर तिचें पुढील चरित्र कळावयाचें नाहीं.

पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें प्रांझिनी नांवाच्या इसमानें तीन खून केले आणि त्यास देहांताची शिक्षा झाली. त्याला पश्चात्ताप म्हणून नव्हता. साऱ्या देशानें ज्याचा धिक्कार केला, त्या माणसासाठीं ही चौदा वर्षांची मुलगी प्रार्थना करूं लागली. ३१ ऑगस्ट १८८७ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. दुसऱ्या दिवशीं तिनें वृत्तपत्रांत वाचलें कीं, शेवटच्या क्षणीं त्यानें क्रूस मागून घेऊन त्याचें तीनदां चुंबन घेतलें. तिला धन्य वाटलें. त्यास ती आपलें पहिलें लेकरूं म्हणत असे.

आपणही पोलीनप्रमाणें मठांत जावें, हें तिनें लहानपणींच ठरविलें होतें. पण पंधराव्या वर्षीं प्रवेश कोण देणार? मठाच्या वरिष्ठांनीं नकार दिला. बिशपांनीं निर्णय लांबणीवर टाकला. तेव्हां वडिलांबरोबर ती यात्रेकरूंच्या मेळ्यांतून रोमला गेली. २० नोव्हेंबर १८८७ रोजीं पोप तेरावे लिओ यांच्या दर्शनास मंडळी गेली असतां कोणींही बोलूं नये अशी सक्त ताकीद होती. ती मोडून या मुलीनें पोपसाहेबांचे गुडघे धरले आणि पंधराव्या वर्षीं मठांत जाण्याची परवानगी मागितली. देवाची इच्छा असेल तर जाशील, असें ते म्हणाले. तरीही ती हलेना, तेव्हां पहारेकऱ्यांनीं तिला उचलून बाहेर नेलें. याच १८८७ सालीं याच पोपांच्या कारकीर्दींत नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला, हा योगायोग नागपूरकरांना स्मरणांत ठेवण्यासारखा आहे. अखेर बिशपांची अनुज्ञा आली आणि ९ एप्रिल १८८८ रोजीं पंधरा वर्षांची तेरेझा कार्मेलच्या दारांतून आंत गेली. तेथून ती पुन्हां कधींही बाहेर आली नाहीं.

मठांत पंचवीसएक जोगिणी होत्या. पहाटे उठणें, तासन् तास प्रार्थना, मौन, उपवास, धुणें, झाडलोट, शिवणकाम असा दिनक्रम असे. नॉर्मंडीच्या हिवाळ्यांतही निजावयाच्या खोलींत शेगडी नसे. मरणापूर्वीं तिनें कबूल केलें कीं, मठांत थंडीनें आपणांस सर्वांत अधिक छळलें. ८ सप्टेंबर १८९० रोजीं तिनें अखेरचीं व्रतें घेतलीं. बाळ येशूची व पवित्र मुखाची तेरेझा, असें तिचें मठांतील नांव पडलें. या नांवाच्या पहिल्या भागांत गोडवा आहे, दुसऱ्यांत वेदना आहे. पवित्र मुख म्हणजे ख्रिस्ताचें रक्तबंबाळ मुख. ज्या वडिलांनीं तिला हातीं धरून रोमला नेलें, त्यांच्या बुद्धीस भ्रम झाला होता आणि १८८९ पासून तीन वर्षें त्यांना कां शहरांतील मनोरुग्णांच्या आश्रयस्थानांत ठेवावें लागलें होतें. मुली मठांत गेल्या म्हणूनच बाप वेडा झाला, असें गांव बोले. तें ऐकून घेऊन ती गप्प राहिली.

अशा या मठांत तिनें केलें काय? बाहेरून पाहणाऱ्यास सांगण्यासारखें कांहींच नाहीं. तिच्या अखेरच्या दिवसांत एका जोगिणीस प्रश्न पडला कीं, हिच्या मृत्यूनंतर इतर मठांस जें परिपत्रक धाडावयाचें त्यांत हिच्याविषयीं लिहावें तरी काय! परंतु तेरेझाची साधना या सांगण्यासारख्या नसलेल्या गोष्टींतच होती. मठांत एक म्हाताऱ्या, दुखणाईत जोगीण होत्या. त्यांना प्रार्थनागृहांतून जेवणघरांत नेणें मोठें कठीण काम असे. हळू नेलें तरी त्या कुरकुरत, भरभर नेलें तरी कुरकुरत. तेरेझानें तें काम आपण होऊन मागून घेतलें. रोज त्यांना जागेवर बसवून ती परतूं लागे, तेव्हां म्हातारीच्या वांकड्या बोटांना पाव तोडवत नाहीं हें तिच्या लक्षांत आलें. मग पाव तुकडे करून देऊन, वर एक प्रसन्न हास्य करून ती निघे. धुण्याच्या जागीं समोरची जोगीण हातरुमाल आपटतांना मळकें पाणी तिच्या तोंडावर उडवी. तोंड पुसून तें दाखवून द्यावें असें प्रथम तिच्या मनांत येई. मग तिनें ठरविलें कीं, हें जें फुकट मिळत आहे तें न घेणें वेडेपणाचें आहे. आणखी एका जोगिणीचा स्वभाव तिला मुळींच मानवत नसे. तिच्याशीं ती इतक्या गोडीनें वागे कीं, माझ्यांत असें काय आहे म्हणून तूं मला पाहून हंसतेस, असें त्याच बाईनें तिला एकदां विचारलें.

प्रार्थनेच्या वेळीं तिला डुलकी येई. वर्षानुवर्षें येई. कोणी साधक असता तर यामुळें हताश झाला असता. तिनें मात्र असा विचार केला कीं, आईबापांना जागें मूल आणि झोंपलेलें मूल सारखेंच आवडतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं वैद्य रोग्यास झोंपवितात, तसें देवही कांहीं करीत असेल. हा आळसाचा समर्थनवाद नव्हे. कारण एरवीं ती नेमांत रेसभरही चुकत नसे. स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून खचून न जाण्याची ही विद्या होती.

या विद्येसच पुढें लहानपणाचा मार्ग असें नांव पडलें. मोठमोठ्या संतांकडे पाहिलें कीं तिला वाटे, ते पर्वताएवढे आणि आपण वाळूचा कण. तेवढें मोठें होणें तर आपल्यानें होणार नाहीं. मग पवित्रता हा आपला विषयच नाहीं काय? रोमच्या प्रवासांत तिनें श्रीमंतांच्या घरीं जिना चढण्याचे श्रम वांचविणारा पाळणा, म्हणजे आजची लिफ्ट, पाहिली होती. तीच उपमा तिला सुचली. पूर्णत्वाचा जिना आपल्या इवल्या पायांना चढवत नाहीं. पण येशूचे बाहू हाच आपला पाळणा. त्यासाठीं मोठें होण्याची गरज नाहीं, उलट लहानच राहिलें पाहिजे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल उचलण्याचा यत्न करणारें मूल चढूं शकत नाहीं, पण यत्नही सोडीत नाहीं. शेवटीं वरून बाप उतरून येतो आणि उचलून नेतो. पाऊल उचलीत राहणें हें मुलाचें काम. वर नेणें हें बापाचें.

आपल्याकडील शास्त्रकारांनीं याच विषयासाठीं दोन न्याय सांगितले आहेत. वानरीचें पोर आईच्या पोटास आपण होऊन घट्ट बिलगतें, हा मर्कटकिशोरन्याय. मांजरीचें पिल्लूं मात्र कांहींच करीत नाहीं, आई त्याला तोंडांत धरून नेते, हा मार्जारकिशोरन्याय. तेरेझा दुसऱ्या पक्षाची, असें वरवर दिसेल. पण पाऊल उचलीत राहणाऱ्या तिच्या मुलांत पहिल्या पक्षाचाही अंश आहे. महाराष्ट्राला तर ही वाट नवी नाहीं. नैवेद्य देवानें खरोखर खाल्लाच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेला बाळ नामदेव, जनाबाईबरोबर दळूं लागणारा विठ्ठल, वयानें सर्वांत धाकटी असून रुसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घालणारी मुक्ताबाई, या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्या घरांत तेरेझा परकी वाटूं नये. तुकोबांनींही देवापाशीं लहानपणच मागितलें होतें. पंथ वेगळे, दैवतें वेगळीं, सिद्धांतही वेगळे. ते एकच आहेत असें म्हणणें दोघांवरही अन्याय करणारें होईल. तरी माउलीपुढें लेंकराचा संकोच राहत नाहीं, हा अनुभव दोहोंकडे ओळखीचा आहे.

येथें एक शंका सहज येते. ज्याला सारें सुरक्षित आहे, त्यानें बापाच्या मांडीवर निर्धास्त झोंपण्यांत विशेष तें काय? मांडीच नाहींशी झाली तर? ही शंका तेरेझाच्या चरित्रानेंच उपस्थित केली आणि त्याच चरित्रानें तिला उत्तर दिलें. १८९६ सालच्या शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्रीं, दिवा मालवून ती अंथरुणावर पडते न पडते तोंच तोंडांत कांहीं उष्ण आल्यासारखें झालें. दिवा लावून पाहण्याचा मोह तिनें आवरला. सकाळीं पाहिलें तों रुमाल रक्तानें भरला होता. क्षयाचे जंतु १८८२ मध्यें कॉख यांनीं शोधून काढले होते. पण त्यांवर चालणारें औषध सांपडावयास १९४३ साल उजाडावें लागलें. ही मरणाचीच वर्दी होती, आणि तिला तर आनंदच झाला. देवाघरचें बोलावणें आलें, असें तिला वाटलें.

परंतु थोड्याच दिवसांत, ईस्टरच्या सणांतच, तिच्या मनावर काळोख पसरला. ज्या स्वर्गाविषयीं तिला बालपणापासून कधीं शंका आली नव्हती, तो आहे कीं नाहीं हेंच कळेनासें झालें. मृत्यूपलीकडे प्रकाश नाहीं, केवळ अधिक दाट रात्र आहे, असे विचार तिला घेरूं लागले. पूर्वीं तिला वाटे, देव नाहीं म्हणणारे लोक मनाविरुद्ध बोलत असावेत. आतां तिला कळलें कीं, श्रद्धा खरोखरच नसलेले जीव असतात. त्यांचा तिनें तिरस्कार केला नाहीं. त्यांच्याच पंक्तीस बसून, त्यांचीच दुःखाची भाकर आपण खात आहों, असें तिनें मानलें, आणि त्या सर्वांसाठीं क्षमा व प्रकाश मागितला. आपल्या धर्माचें श्रद्धावचन तिनें स्वतःच्या रक्तानें लिहून काढलें व तें हृदयाशीं बाळगलें. याच काळांत ती स्वर्गसुखाचीं गोड पद्यें रचीत होती. वाचणाऱ्यांस वाटे, हिच्यापुढचा पडदा दूर झाला आहे. तिनें मात्र सांगून टाकलें कीं, आपण गातों तें आपल्याला वाटतें म्हणून नव्हे, तर आपण मानूं इच्छितों म्हणून. हा काळोख मरेपर्यंत, म्हणजे सुमारें दीड वर्ष, पुरा उठला नाहीं.

बालभाव आणि शौर्य यांची गांठ येथें पडते. बाप दिसतो म्हणून हांक मारणारें मूल सर्वत्र आढळतें; अंधारांत, उत्तर येत नसतांही, हांक न सोडणारें मूल विरळा. तेरेझाला फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क फार प्रिय होती. तिच्यावर तिनें मठांतील करमणुकीसाठीं दोन नाटकें लिहिलीं आणि स्वतः जोनची भूमिकाही केली. जोनच्या हातीं निशाण होतें. तेरेझाच्या हातीं कांहीं नव्हतें. तरी झुंज तिनेंही दिली, आणि ती शेवटच्या श्वासापर्यंत दिली. अखेरच्या महिन्यांत फुप्फुस गेलें, आंतडीं सडूं लागलीं, मॉर्फिन तिला दिलें गेलें नाहीं. अशा रोग्याजवळ विषारी औषधें ठेवूं नका, श्रद्धा नसती तर आपण क्षणाचाही विलंब न लावतां जीव दिला असता, असें ती सेवा करणाऱ्या बहिणींना म्हणाली. संतांच्या तोंडीं असे शब्द ऐकण्याची लोकांना संवय नसते. म्हणूनच ते महत्त्वाचे. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं सायंकाळीं देवावरील प्रेमाचे शब्द उच्चारून तिनें प्राण सोडला.

तिच्या बालपणीच्या आठवणी पोलीन, जी तेव्हां मठाध्यक्षा होती, हिच्या आज्ञेवरून तिनें १८९५ मध्यें लिहावयास घेतल्या होत्या; पुढील दोन वर्षांत आणखी दोन भाग झाले. वर्षश्राद्धाच्या दिवशीं, ३० सप्टेंबर १८९८ रोजीं, हें लिखाण एका जिवाची कथा या अर्थाच्या नांवानें दोन हजार प्रतींत छापलें गेलें. पोलीननें त्यांत पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित जसेंच्या तसें १९५६ मध्यें प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून वाचकांना गोंडस फुलाच्या आड असलेली कणखर बाई नीट दिसूं लागली. १७ मे १९२५ रोजीं अकरावे पायस यांनीं तिला संतपद दिलें. १४ डिसेंबर १९२७ रोजीं फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर तिला धर्मप्रसाराची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें. झेवियर १५४२ मध्यें गोव्यास उतरले, दहा वर्षें आशियाखंडभर फिरले, आणि त्यांचा देह जुन्या गोव्यांत आहे. ही मुलगी मात्र हनोईच्या मठांत जाण्याची इच्छा मनांतच ठेवून एका कुंपणाआड वारली. दोघांस एका आसनावर बसविण्यांत कॅथलिक धर्मपीठानें चाललेल्या कोसांपेक्षां प्रेमाचें माप मोठें मानलें. १९ ऑक्टोबर १९९७ रोजीं तिला धर्मपंडितांच्या मालिकेंत स्थान मिळालें. हा मान मिळालेली ती तिसरी स्त्री. तिच्या आईवडिलांनाही १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं संतपद मिळालें. हिंदुस्थानापुरतें बोलावयाचें तर, स्कोप्येहून आलेल्या एका तरुण जोगिणीनें १९३१ मध्यें व्रतें घेतांना हिचेंच नांव स्वीकारलें. पुढें कलकत्त्याच्या रस्त्यांवरील मरणोन्मुखांना उचलणाऱ्या मदर तेरेसा त्या याच.

जिनें कांहीं केलें नाहीं असें मठांतल्या बहिणीस वाटलें, तिच्याविषयीं जगानें इतकें लिहिलें. तरी तिची शिकवण ग्रंथांपेक्षां घरांत अधिक उपयोगी पडावी अशी आहे. प्रत्येक घरांत कोणी कुरकुरणारें म्हातारें माणूस असतें, कोणी न आवडणारें असतें, कोणाच्या हातून नकळत मळकें पाणी अंगावर उडतें. मोठीं तपें करण्यास सवड आणि सामर्थ्य थोड्यांनाच असतें; पावाचे तुकडे करून देऊन वर हंसणें प्रत्येकास साधण्यासारखें आहे. आणि एखाद्या रात्रीं देवघरांतल्या समईपुढें बसूनही मनांत उजेड पडला नाहीं, तर आपली श्रद्धा मेली असें मानून उठून जाण्याचें कारण नाहीं. दिसत नसतांही पहिल्या पायरीवर पाऊल उचलीत राहावें. लिझ्यूच्या मुलीनें दीड वर्ष तेंच केलें.